नारळाचा पाठलाग

तो गुन्हा आठवला की आजही मला हसू येतं, आणि बसल्या जागी माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्या घट्ट धरतात. हसू का येतं ते पुढं कळेलच. दांड्यांचं कारण आधीच सांगून टाकतो. मला पाण्याची भीती वाटते. ज्या गावात मी वाढलो तिथं विहिरीला पाणी कमी आणि तळ जास्त दिसायचा, पोहायला शिकणार कुठं? नोकरीत दंगली पाहिल्या, चाकू घेऊन अंगावर आलेली माणसं पाहिली, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझी पाचावर धारण बसायची. आणि खात्याची गंमत बघा, निवृत्ती जवळ आली असताना माझी बदली झाली ती थेट धरणाच्या फुगवट्याकाठच्या ठाण्यात.

ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. बिडकीन मागं टाकून आडवाटेनं खाली उतरलं की एका वळणावर अचानक पाणी दिसतं, एवढं समजा. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. हिवाळ्यात त्या काठावर रविवारी जत्रा भरल्यासारखी गर्दी व्हायची. संभाजीनगरातली, वाळूजमधली कुटुंबं डबे घेऊन यायची. भाजलेली कणसं, भजी, पक्षी बघणं, आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे बोटीची चक्कर. बोटी दोन-चारच होत्या. त्यातली सगळ्यात देखणी एका भोई तरुणाची. आधी मासेमारी करायचा, मग परवाना काढून त्यानं बोटीला छत घातलं, इंजिन बसवलं, कडेनं पिवळ्या झालरी लावल्या. बायामाणसं त्याच्याच बोटीत बसायची, कारण तो जाकीट घातल्याशिवाय कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही आणि गाणीही जरा बऱ्यापैकी लावायचा.

अशाच एका रविवारी ठाणे अंमलदार डबा उघडत होते आणि बाहेर गलका झाला. दारातून एक बाई आत आल्या त्या या नावाड्याची कॉलर धरूनच. मागं त्यांचे यजमान, वाळूजला कारखान्यात काम करणारा मुलगा आणि पदरानं डोळे पुसणारी नवी सून.

"साहेब, ह्याला आत टाका! माझ्या सुनेचं गंठण खाल्लं ह्यानं!"

"म्या नाय घेतलं, साहेब," नावाडी म्हणाला. त्यानं कॉलर सोडवायचाही प्रयत्न केला नाही.

फिर्याद सांगितली सासऱ्यांनी आणि मुलानं. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले. सुनेच्या गळ्यात लांब मंगळसूत्र होतं, ज्याला आपल्याकडं गंठण म्हणतात. जाकिटाच्या पट्ट्यात ते अडकायला लागलं, तेव्हा नावाडीच म्हणाला, "ताई, ते काढून ठेवा, तुटंल." गळ्यातलं छोटं तसंच ठेवून तिनं गंठण काढलं, कापडात गुंडाळून पिशवीत टाकलं. पिशवी भिजू नये म्हणून नावाड्यानं ती मागं, इंजिनाजवळ, स्वतःच्या पायाशी ठेवली. काठाला आल्यावर सुनेनं कापड उघडलं, तर आत काही नाही.

म्हणजे काढायला लावणारा हाच आणि पिशवी राखणाराही हाच. संशयाला आणखी काय लागतं? गुन्हा दाखल केला. पंचांसमक्ष बोट तपासली, फळी न् फळी उचलली. एक केळ्याचं साल, कुणाच्या तरी केसांचा चाप आणि माशांचा वास, याशिवाय काही मिळालं नाही. बोट ताब्यात घेऊन काठाच्या लोखंडी खांबाला साखळीनं बांधली. घाटावरची सगळी गर्दी ते बघत उभी होती.

त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहायला सांगितलं. पठ्ठ्या आला तो दुपारी, धुळीनं माखलेला. आमच्या जाडजूड हवालदारांचा पारा चढला होता. मी त्यांना बाहेर पाठवलं आणि दोन चहा मागवले.

चौकशीला बसवलेल्या माणसाला मी आधी चहा द्यायचो. हा काही कायद्यातला नियम नाही, माझा आपला अनुभव. ज्यानं केलेलं असतं त्याला हाताला काहीतरी चाळा हवा असतो, तो कप लगेच उचलतो. ज्यानं केलेलं नसतं त्याच्या लक्षातच येत नाही की समोर चहा आहे. नावाड्याच्या चहावर साय धरली.

"सकाळी कुठं होतास?"

"सांगता येत नाय, साहेब."

"अरे, चोरीचा आळ आहे तुझ्यावर आणि सांगता येत नाही म्हणतोस?"

"मारा पायजे तर. पण ते इचारू नका." मग तो म्हणाला, "साहेब, बोट जाऊ द्या, मासं धरून पोट भरंन. पण उद्या तुम्ही मला सोडलं तरी माझ्या नावंत बाया बसतेन का? पोराला घेऊन, डाग-दागिने घालून बसतेन का? ती बाई साऱ्या घाटासमोर चोर म्हणली मला. घाटावर माझा बापपण नाव हाकायचा." आणि तो एवढा मोठा गडी माझ्यासमोर ढसाढसा रडला. मलाही गलबलून आलं, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला ते दाखवायची सोय नसते.

तेवढ्यात फोन वाजला. माझा एक जुना खबऱ्या शहरात असायचा. "साहेब, तुमचा बोटवाला आज सकाळी औरंगपुऱ्यात दिसला. सराफाच्या दुकानातून निकला."

झालं! हवालदार दारातूनच म्हणाले, "बघा साहेब, आणि तुम्ही चहा पाजताय."

मी हवालदारांना घेऊन तडक औरंगपुऱ्यात गेलो. तिथल्या गल्लीत जीप घालणं म्हणजे म्हशीला माळवदावर चढवण्यासारखं, म्हणून ती लांब उभी करून चालत गेलो. सराफ वयस्कर, गादीवर पाय मुडपून बसलेले. वर्णन सांगताच त्यांना हसू फुटलं.

"विकायला नाही हो साहेब, तो बनवायला टाकून गेला. चांदीची होडी, बोटाच्या पेराएवढी. मी बोललो, भाई, खिलौना है क्या? तर म्हणे, नवस बोललोय गंगामायला, आळ गेला की वाहीन. आणि ऐका पुढं. म्हणे छत पण पायजे आणि मागं इंजिन पण काढा! अहो, त्या एवढ्याशा होडीला मी इंजिन कुठून काढू?"

मला सगळा उलगडा झाला. नवस फिटेपर्यंत तो घडवणाऱ्या सराफाशिवाय कुणाला सांगायचा नाही, ही त्या लोकांची पक्की समजूत. ठाण्यात मार खायला तयार झाला, पण नवस फोडला नाही त्यानं. परतीच्या वाटेवर मी हवालदारांना दम भरला की होडीबद्दल नावाड्याला एक अक्षर कळता कामा नये. आपल्यामुळं त्याचा नवस बाटायला नको. हवालदारांनी मान डोलावली आणि वाळूज फाट्यापर्यंत स्वतःशीच "इंजिन पण काढा" म्हणत हसत बसले.

खबर फुसकी निघाली, पण गंठण कुठं होतं? मी फिर्याद पुन्हा वाचली आणि एक गोष्ट खटकली. दागिना बाईचा, पिशवी बाईची, गुंडाळला बाईनं, आणि बोलले होते सगळे पुरुष. आपल्याकडं हे असंच असतं. बायको शेजारी बसलेली असते आणि तिच्या पोटात कुठं दुखतं ते डॉक्टरला नवरा सांगतो. मी सासू-सुनेला बोलावून घेतलं, बाप-लेकांना बाहेर बाकावर बसवलं आणि आमच्या महिला हवालदारांना म्हटलं, "बाई, तुम्ही विचारा. घरून निघाल्यापासून पिशवीत काय काय भरलं ते सगळं."

मग जे सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. धपाटे किती, चटणी कोणती, दही कशात, लोणचं सांडू नये म्हणून कसं बांधलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. शेवटी सून हळूच म्हणाली, "आणि खण होता ना हिरवा, त्यातच मी गंठण गुंडाळलं."

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. "कोणत्या खणात?"

"पिशवीत होता त्याच."

"अगं, एक नव्हता! एकाच ताग्यातले दोन व्हते. एक तुझ्या वटीचा, अन् एक..."

त्या बाईंचा चेहरा असा उतरला की आमच्या हवालदार बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांच्या घरात रीत अशी, की नवी सून पहिल्यांदा नावेतून गंगेत गेली की मधोमध गेल्यावर गंगेची ओटी भरायची. खणात नारळ, मूठभर तांदूळ, हळदीकुंकू बांधायचं आणि पाण्यात सोडायचं. सोडल्यावर कुणी तिकडं बघायचं नाही, सगळ्यांनी तोंड फिरवायचं. सून नवऱ्याबरोबर पुढच्या टोकाला मोबाइलवर फोटो काढत होती. सासूबाईंनी मागं इंजिनाजवळ जाऊन पिशवीत हात घातला, हाताला लागला तो खण घेतला, चुरगळलेला होता तरी तसाच त्यात नारळ बांधला आणि सोडला. मागं राहिला दुसरा खण. सुनेनं उघडला तो हाच, म्हणून तो रिकामा निघाला.

"म्हणजे मीच..." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मीच दिलं गंगेला! आन् त्या गरिबाची गचांडी धरली मी. आता राहू द्या साहेब. गंगेला दिलेलं मागू नये. आमचं आम्ही बघू, तक्रार मागं घेते."

"तुमचं तुम्ही बघाल हो," मी म्हणालो. "त्या माणसाचं काय? गंठण सापडलं नाही तर लोक म्हणतील पोलिसांनी मिटवलं. जन्मभर तो चोर राहील. मला ते गंठण पाहिजे म्हणजे पाहिजे."

बोललो खरं, पण गंगेच्या पोटातून दागिना काढणार कसा? एकच आशा होती. नारळ तरंगतो. खण घट्ट बांधलेला असला तर ओझ्यासकट तरंगेल का? आणि तरंगला असला तर गेला कुठं? त्या दिवसांत दुपारचं वारं रोज एकाच अंगानं सुटायचं. तेव्हा करून बघायचं ठरवलं. तसाच नारळ, तसाच खण, मूठभर तांदूळ, आणि गंठणाच्या जागी वजनाला माझ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा.

आता बोट कुणाची घ्यायची? साखळी सोडायला लावली आणि संशयितालाच चालवायला बसवला. त्याला फक्त एवढंच सांगितलं की ओटी कुठं सोडली ती जागा दाखव. बोटीत पंच, हवालदार, हवालदार बाई, सासूबाई आणि मी. मी दोन जाकिटं मागितली. नावाडी म्हणाला, "साहेब, एकानंबी माणूस तरंगतो." मी म्हणालो, "माझं वजन तुला ठाऊक नाही." बोट हलली तशी मी दोन्ही हातांनी कड पकडली आणि मनातल्या मनात सगळे देव आठवले. अंगात वर्दी असताना देव आठवणं बरं दिसत नाही, पण पाण्याला वर्दी कळत नाही.

मधोमध गेल्यावर सासूबाईंनी नारळ सोडला. बुड्कन खाली गेला. मला माझ्या किल्ल्या आठवल्या. आणि मग शेंडी वर आली! निम्मा बुडालेला, पण तरंगला आणि वाऱ्याबरोबर डुलत डुलत निघाला.

"बघू नका, बघू नका!" सासूबाई ओरडल्या. सवयीनं सगळ्यांनी माना फिरवल्या. पंचांनीसुद्धा.

"अहो बघा! बघायलाच आलोय आपण!" मी ओरडलो.

आणि मग सुरू झाला आमच्या ठाण्याच्या इतिहासातला सगळ्यात संथ पाठलाग. पुढं नारळ, मागं पोलीस. नावाड्यानं इंजिन बंद करून वल्हं हातात घेतलं. हिवाळ्यातलं ऊन सोसवणारं होतं, लांब उथळ पाण्यात पांढरे-गुलाबी पक्षी एका पायावर उभे होते. शेजारून सहलीची एक बोट गेली, त्यातल्या पोरांनी विचारलं, "काय पकडताय साहेब?" हवालदार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आरोपी." सासूबाईंनी डबा उघडून सगळ्यांना धपाटे वाटले. नावाड्यापुढं डबा धरताना त्यांचा हात थांबला, मग त्यांनी दोन जास्त ठेवले. त्यानं ते खाल्ले. मी एका हातानं धपाटं खाल्लं, दुसऱ्या हातानं कड धरून, आणि खरं सांगतो, नोकरीतली इतकी सुखाची दुपार मला दुसरी आठवत नाही.

नारळ फिरत फिरत एका आखातासारख्या जागी काठाच्या गवतात जाऊन टेकला. वर धनगरांचं पाल होतं, मेंढरं बसली होती. पालासमोर एक म्हातारी उभी राहून आमच्याकडं टक लावून बघत होती. सुरकुतलेला चेहरा, मोकळं कपाळ, हातात काठी.

"आजी, चार दिसांमागं असाच एखादा नारळ इथं लागला होता का?" मी काठावर उतरायच्या आधीच विचारलं. उतरायला मला वेळ लागणार होता.

"लागला की," ती म्हणाली. "गंगामायनं वटी धाडली माझ्या सुनंला. तुम्ही दुसरी घेऊन आला व्हय?"

पालात देवाच्या टाकांपुढं तो हिरवा खण तसाच बांधलेला होता. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मी हात पुढं केला तर म्हातारीनं काठी आडवी धरली.

"हात लावू नका! म्या रांडमुंड बाई, म्या नाय सोडली, तर तुम्ही कोण सोडणार? सून माहेरी गेलीय, पहिलटकरीण हाय. ती आली की तिच्या पदरात टाकीन म्हणलं. सवाशिणीनं सोडावी लागती गाठ."

पंचनाम्यात मी असं लिहिल्याचं आठवतं की सदर गाठ महिला हवालदार यांनी पंचांसमक्ष सोडली. त्या सवाष्ण आहेत म्हणून सोडली, हे लिहायची सोय नव्हती. खण उलगडला. भिजून वाळलेले तांदूळ, कुंकवाचा डाग, आणि चुरगळलेल्या टोकात गंठण. काळे मणी उन्हात चमकले. नावाड्यानं गंगेकडं तोंड करून हात जोडले.

म्हातारीनं गंठण पाहिलं. "आगं माय! सोनं व्हतं व्हय त्यात? न्या बया, ज्याचं त्याला द्या." सोन्याचं तिला काही वाटलं नाही. पण मुद्देमाल म्हणून खण आणि नारळही आम्ही उचलला, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. "वटी नेता व्हय?" ती म्हणाली.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांनी म्हातारीचा हात धरला. "आत्या, तुमच्या सुनेची वटी मी भरीन. ह्याच नावंतून येईन."

गुन्ह्याची क समरी पाठवली, म्हणजे चोरी झालीच नव्हती, गैरसमज होता. माझ्या किल्ल्या मात्र पाण्यानं गंजल्या आणि कुलपाला काही केल्या लागेनात. घरी सौभाग्यवतींनी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

कोर्टाच्या आदेशानं गंठण सुनेला परत मिळालं, त्यानंतरचा रविवार. घाटावर नेहमीची तोबा गर्दी. मला खास बोलावणं होतं, म्हणून साध्या कपड्यांत गेलो. एक सांगतो. या गुन्ह्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, ज्याची वस्तू हरवली त्यालाच विचारावं, त्याच्या वतीनं बोलणाऱ्याला नाही. आणि दुसरी, कागदावर निर्दोष ठरल्यानं माणसाचं नाव धुऊन निघत नाही. आळ चारचौघांत घेतलेला असतो, तर तो चारचौघांतच उतरवावा लागतो, आणि ते काम पोलिसाच्या हातात नसतं. ते आळ घेणाऱ्यालाच करावं लागतं. फार थोडी माणसं ते करतात, कारण त्यासाठी मान खाली घालावी लागते.

त्या सासूबाईंनी ते केलं. माहेराहून परतलेल्या म्हातारीच्या सुनेसाठी नवा खण, नारळ, साखर, बाळाचं टोपडं असं ताटात घेऊन त्या घाटाच्या पायऱ्या उतरल्या. जिथं नावाड्याची कॉलर धरली होती बरोबर तिथंच थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दादा, माझं चुकलं. तोंड लई वाईट माझं." मग सुनेकडं वळल्या. "काढ गं ते. जाकिटात अडकंल."

सुनेनं गंठण काढलं आणि दोन्ही हातांनी नावाड्यापुढं धरलं. "भाऊ, परत येईस्तोवर तुम्ही सांभाळा."

नावाडी घाबरून एक पाऊल मागं सरला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी आधीच बोटीत बसलो होतो.

"साहेब, तुम्ही धरा की!"

"मला नाही जमणार," मी म्हणालो. "माझे दोन्ही हात कडेला अडकलेत."

सगळा घाट हसला. मग त्यानं हात शर्टाला पुसले, गंठण घेतलं, वरच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. काठावरच्या दोन बाया आपापल्या पोरांना घेऊन पुढं आल्या आणि विचारू लागल्या, "दादा, हिच्यात जागा हाय का अजून?" त्यानं त्यांना जाकिटं दिली. पलीकडं, धनगरांच्या पालाच्या काठापर्यंत तो एकाच हातानं बोट चालवत होता. दुसरा हात खिशावर होता.